अकरा हस्ताक्षरं

नऊ पत्रं झाली होती. चंदा आणि श्रावण राहिले होते. माधवी तायडेने पेन बदललं. चंदाची अक्षरं डावीकडे कलतात. श्रावणची ओळ वर चढत जाते, आणि त्याच्या इंग्रजीत निदान तीन चुका असायलाच हव्यात.

रविवार होता. तिचा नवरा अश्विन बडनेऱ्याहून ड्युटी करून आला होता आणि आतल्या खोलीत झोपला होता. जागा असता तर म्हणाला असता, सोड आता हे. हल्ली तिलाही तेच वाटायचं. आठवडाभर मूर्तिजापूरची शाळा, वर ऑनलाइन माहित्या भरणं, आणि सुट्टीच्या दिवशी अकोल्यात बसून अकरा मुलांच्या हातांनी लिहिणं. बोटं दुखायची.

आधी असं नव्हतं. बार्शीटाकळी तालुक्यातल्या तिच्या जुन्या शाळेत खरोखरच अकरा मुलं होती. स्कॉटलंडजवळच्या एका बेटावरच्या शाळेतही अकराच. तिथल्या बाई, फिओना, यांनी गोष्टींच्या पुस्तकांचं खोकं पाठवलं. इकडून मराठी पुस्तकं गेली. प्रत्येक पानाखाली मुलांनी इंग्रजीत अर्थ लिहिला होता. मग कुणाला कोणती गोष्ट आवडली याची पत्रं सुरू झाली.

दोन वर्षांपूर्वी पट कमी म्हणून शाळा बंद झाली. मुलं तीन गावांत पांगली. त्याच आठवड्यात बेटावरून पत्रं आली. एका मुलीने लिहिलं होतं, आमच्याकडे फारसं कुणी येत नाही, तुमचं पत्र आलं की घरात पाहुणे आल्यासारखं वाटतं. ते वाचल्यावर शाळा बंद झाल्याचं कळवायला माधवीचा हात उचलेना. काही महिने ती घरोघर फिरून मुलांकडून पत्रं लिहून घेत राहिली. मुलं कंटाळली. मग ती स्वतःच लिहू लागली. बंद शाळेच्या पत्त्यावर येणारं टपाल गावचे पोस्टमन देवमन तिच्या घरी पाठवून देत.

डिसेंबरात एक पातळ पाकीट आलं. फिओनाबाईंचंच पत्र. जानेवारीत भारतात येते आहे, एक दिवस तुमच्या मुलांना भेटायचं आहे.

माधवीने खरं काय ते लिहायला घेतलं, दोनदा. दोन्ही कागद फाडले. एवढ्या लांबून येणाऱ्या बाईला बंद दार दाखवायचं तिच्या जिवावर आलं.

मग ती पुन्हा घरोघर फिरली. दोघं आईबापांबरोबर पुण्याला गेले होते. एकाला क्लास होता. एकीच्या वडिलांनी सरळ नाही म्हटलं. सात जण यायला तयार झाले. सरपंच पुंजाजींनी एका दिवसासाठी शाळा उघडून दिली. आदल्या दिवशी माधवीने मुलांना बेटावरची पत्रं आणि त्यांच्या नावाने गेलेल्या पत्रांच्या झेरॉक्स वाचायला दिल्या.

चंदा बराच वेळ वाचत बसली. "मॅडम, हे मी कवा लिवलं?"

"तू लिवलं असतं तं असंच लिवलं असतं," माधवी म्हणाली.

फिओना एकटीच आली. साठीची, उंच, प्रवासाने थकलेली. मुलांनी तिला वर्ग दाखवला, तिने पाठवलेली पुस्तकं दाखवली. एकेकाचं नाव विचारून ती त्याच्या तोंडाकडे पाहत राहायची. श्रावणला तिने विचारलं, होडीची गोष्ट तुला अजून आवडते का? श्रावणने माधवीकडे पाहून मान हलवली. एकदाचा दिवस मावळू दे, एवढंच माधवीच्या मनात होतं. यानंतर पत्र नाही, काही नाही.

दुपारी जेवणं झाल्यावर किशोर म्हणाला, "मॅडम, त्याईले इचारा ना, त्याईच्या शाळेतले लेकरं काहून नाही आले?"

माधवीने विचारलं.

फिओना मुलांसमोर सतरंजीवर बसली. सांगायचं आहे ते याच मुलांना सांगायचं आहे, ती म्हणाली, आणि शब्द न् शब्द त्यांच्या भाषेत सांगायची माधवीला विनंती केली. मग ती सावकाश बोलू लागली.

"त्या म्हणतात, मी तुमची माफी मांगाले आली," माधवीने सांगितलं.

मुलं एकमेकांकडे पाहू लागली. फिओना पुढचं बोलली आणि थांबली.

"मॅडम, काय म्हणून राहिल्या त्या?" चंदाने विचारलं.

माधवीने भिंतीला हात टेकला.

"त्या म्हणतात, माही शाळा तीन वर्षांआधीच बंद झाली. तवापासून साऱ्या लेकराईचे पत्रं मी एकटीच लिहून राहिली."