शोकसभेचं दार

या, जरा पुढे सरकून बसा. एक गोष्ट सांगते, छोटीशीच आहे.

गाण्याच्या कार्यक्रमात कापडी मांडव पेटला आणि कितीतरी माणसं आतच राहिली. कपडे शिवणाऱ्या मावशींची लेक त्यातलीच. पुढच्याच महिन्यात मांडवाच्या मालकांनी शोकसभा ठेवली. मांडव तसाच कापडी, दारही तसंच एकच. माईकवर गहिवरून म्हणाले, "आपल्या हातात काय असतं हो? सगळी त्या वरच्याची इच्छा!"

मावशी उठल्या. "मालक, देवाचं नाव मीही रोज घेते. पण आपलं पाप त्याच्या माथी मारायला नाही घेत." आणि तरातरा मागच्या कापडी भिंतीकडे निघाल्या.

"अहो मावशी, तिकडे कुठे? दार पुढे आहे!" मालकांचा माणूस ओरडला.

"ठाऊक आहे की. माझी लेकही त्याच दाराकडे धावली होती."

 

मावशींनी पिशवीतून कात्री काढली आणि ती भिंत वरपासून खालपर्यंत उभी कापली. माणसं एकेक करत त्या वाटेने बाहेर पडली. भाषण ऐकायला खुर्च्या तेवढ्या उरल्या.

बाबांनो, कुठेही बसण्याआधी दुसरं दार बघा, आणि त्या लेकीची आठवण ठेवा.