कागदावरची बारा वर्षं

“डॉक्टर, हाड बघून माणसाचं खरं वय कळतंय व्हय?”

त्रिशलाने विचारून टाकलं. तिला हे विचारायची हिंमत होणार नाही, अशी वर्गातल्या मैत्रिणींनी पैज लावली होती. सातवीत ती सगळ्यांपेक्षा वीतभर उंच. ‘आक्का’ म्हणून चिडवायच्या तिला.

डॉक्टर हसले. कळतं म्हणाले. डाव्या हाताचा एक्स-रे काढला की हाडं अजून किती वाढणार, तेही कळतं.

आप्पा खुर्चीत ताठ झाले. आईने नीट लावलेली फाईल पुन्हा लावायला घेतली.

पाच मिनिटांपूर्वी याच दोघांनी पोरगी बारा वर्षांची म्हणून सांगितलं होतं. आधार कार्डाची झेरॉक्सही पुढे केली होती. त्यावरून डॉक्टरांनी समजावलं, की गुडघे एकमेकांना घासतात ना, तर गुडघ्याच्या आतल्या बाजूला बोटाच्या पेराएवढी प्लेट दोन स्क्रूंनी बसवायची. आतली बाजू थांबते, बाहेरची वाढत राहते, पाय सरळ होत जातो. झाला की प्लेट काढायची. पण हे सगळं हाड वाढतंय तोवरच. वाढ थांबली की हाड कापूनच सरळ करावं लागतं. पाळी आली की दोनेक वर्षांत वाढ थांबते, म्हणून पाळी सुरू झाली का, असं त्यांनी आईला विचारलं. आई आप्पांकडे बघत “अजून न्हाय” म्हणाली. मग घाई नाही, पुढच्या वर्षी या, असं डॉक्टर म्हणाले. आप्पांनी केवढा सुस्कारा सोडला, ऑपरेशन जसं काही त्यांचंच टळलं होतं.

पाळी येऊन वर्ष झालं होतं. आणि त्रिशला साडेतेराची होती. वाकड्या पायांची पोर लोकांना काय दाखवायची म्हणून दीड वर्ष घरीच ठेवली. मग वर्गात थोराड दिसू नये, पुढे लग्नाला अडू नये, म्हणून शाळेत नाव घालताना तारीखच पुढे ढकलली. ही अक्कल तारामती आत्याची. आप्पा पाव्हण्यांत कौतुकाने सांगायचे, काम कसं बिनबोभाट झालं. केकसुद्धा कागदावरच्या तारखेलाच कापायचे. आई टाळ्या वाजवायची.

“एक्स-रे कशाला साहेब, कार्ड हाय की,” आप्पा म्हणाले आणि कन्नडात शिरले. अडचणीत आले की ते कन्नडात शिरतात. पोर लहान आहे, मैत्रिणींच्या नादानं कायबी विचारते, असं काहीतरी. दोन वाक्यांत दोनदा अडकले. त्रिशलाला कन्नडात शंभरापैकी ब्याण्णव होते. तिने त्यांचा एक शब्द मनातल्या मनात दुरुस्त केला.

डॉक्टरांनी एक्स-रेची चिठ्ठी लिहून दिली. आप्पांनी तिची घडी घालून खिशात टाकली. तिघं बाहेर व्हरांड्यात आली.

मग आई कुजबुजली, की शाळेत कळलं तर आप्पांची काय इज्जत राहील, तूच सांग. आप्पा इकडेतिकडे बघत म्हणाले, “एका वर्षानं काय बिघडतंय गं? डॉक्टरच म्हणाले की, घाई न्हाय.”

“तुमी खोटं सांगिटलं म्हणून म्हणाले.”

“हळू बोल.”

त्रिशलाने दोघांकडे नीट पाहिलं. निपाणीच्या वखारीत तंबाखूचं पान नुसतं बोटांत चोळून प्रत सांगणारा हा माणूस. व्यापारी त्याच्या शब्दावर गाड्या भरायचे. पोरीच्या हाडांपुढे त्याला आठवत होतं ते फक्त कार्ड. आणि आई, जिने गेल्या वर्षी तिला स्वतः कपडा दिला होता, तीही आता फरशी बघत होती.

तिने आप्पांच्या खिशातून चिठ्ठी काढून घेतली. त्यांनी हात वर केला, पण बाकावरची माणसं बघत होती. हात तसाच केसांवरून फिरवून त्यांनी खाली घेतला.

“एक्स-रे काढाय चालले मी,” त्रिशला म्हणाली. आवाज मुळीच हळू नव्हता. “मग आत जाऊन डॉक्टरास्नी वयबी सांगणार आन् पाळीचंबी. प्लेटा ह्याच महिन्यात घालून घेणार हाय. तुमी बसा हितं, माझं वय कमी करत.”