बेचाळीस अंशांवर एक तास

दुपारची पंधरा मिनिटांची सुट्टी बंद झाल्याचं लेकीला आईकडून नाही, लाँड्रीच्या रखवालदाराकडून कळलं. आईचा घरी राहिलेला चष्मा द्यायला ती आली होती.

“आता त्याऐवजी अर्काची गोळी देतात ना सगळ्यांना,” तो कौतुकाने म्हणाला. “तुमचीच.”

ती तडक इस्त्रीच्या खोलीत शिरली. बारा टेबलं, बारा बायका, इस्पितळांच्या चादरींचे ढीग आणि अंगाला चिकटणारी वाफ. भिंतीवर वर्तमानपत्राचं कात्रण डकवलेलं. सूक्ष्मदर्शकावर वाकलेली ती स्वतः आणि वर ठळक अक्षरांत, ‘पानांचा अर्क पेशींना उष्णतेपासून वाचवतो’.

सुपरवायझरने खुर्ची पुढे सरकवली. “या मॅडम. तुमच्या कृपेने आता कुणाला चक्कर येत नाही.”

“परवा आई घरी आली ती दारातच बसली. अर्धा तास उठली नाही.”

“वय झालं त्यांचं.”

“अहो, माझा प्रयोग काचेच्या बशीतल्या पेशींवर आहे. माणसांवर नाही. बातमीदाराला तीनदा सांगितलं, त्याने तेवढंच वाक्य गाळलं.”

“पण पेशी मिळूनच माणूस होतो ना?” सुपरवायझर शांतपणे म्हणाला.

लेकीने कपाळाला हात लावला. पालथ्या घड्यावर किती पाणी ओतायचं? ती आईच्या टेबलाशी गेली. “आणि तू? तू का गिळतेस ती गोळी? मला विचारायचं तरी.”

“तुझा फोटो होता गं.” आईचा हात इस्त्रीवर चालूच होता. “पंधरा मिनिटांसाठी चारचौघींत लेकीला खोटं कशी पाडू?”

लेक हळू आवाजात म्हणाली, “आई, नीट ऐक. बेचाळीस अंशांवर एक तास. अर्क नसला तर निम्म्या पेशी मरतात, असला तर तिसरा हिस्सा. एवढंच. आणि तास झाला की त्यांना उष्णतेतून काढतो, खाऊपिऊ घालतो, पडू देतो.”

“किती वेळ?”

“चोवीस तास.”

आईची इस्त्री थांबली. “चोवीस तास,” तिने शेजारणीला सांगितलं. शेजारणीने पलीकडचीला. एकेक इस्त्री उभी राहत गेली. शेवटच्या टेबलावरची कानाने कमी होती, तिला खुणेने सांगावं लागलं.

“हे काय चाललंय?” सुपरवायझर म्हणाला.

“सुट्टी,” आई म्हणाली. ती चादरींच्या ढिगावर टेकली, चपला काढून सुजलेले पाय लांब केले आणि लेकीकडे बघत म्हणाली, “पुढच्या जन्मी मला तुझ्या त्या बशीत टाक गं बये.”