सावली आखूड करून मिळेल

"भाऊजी, आज तुमचा तो वेडेपणा नको," अहिल्या पुढच्या खुर्चीवरून म्हणाली. मान वर न करता.

केदार माइकपाशी पोचला होता. त्याच्या मागे शवपेटीत तिचा नवरा आणि त्याचा जुना मित्र, मोरेश्वर. पांढरा झब्बा, कपाळाला गंध. एडिसनच्या त्या फ्युनरल होममध्ये मराठी मंडळातली झाडून सगळी आली होती. गुरुजी घड्याळ बघत होते, कारण पुढची फॅमिली पार्किंगमध्ये येऊन थांबलेली.

आता आली का पंचाईत. हॉस्पिटलमध्ये मोरेश्वरने केदारचा हात धरून सांगितलं होतं, "रडकं भाषण केलंस तर बघ. आपलं शिंप्याचं स्किट करायचं." आणि केदार हो म्हणून बसला होता. मरणाऱ्या माणसाला नाही कोण म्हणणार?

पुण्यात कॉलेजला असताना या दोघांनी एका ब्रिटिश विनोदी नटांच्या टोळीच्या कॅसेट पाहिल्या आणि कामातूनच गेले. त्या विक्षिप्त लोकांच्या स्किटला शेवट नसायचा. ऐन रंगात आलं की कुणीतरी सरळ निघून जायचं. मोरेश्वरला तेच भारी वाटलं. मग इथे परदेशात आल्यावर दर गणपतीत मंडळाच्या स्टेजवर यांचं ठरलेलं: केदार गिऱ्हाईक, मोरेश्वर शिंपी. बोलता बोलता शिंपी वाक्य अर्धवट टाकून चालू पडायचा, आणि गिऱ्हाईक बावळटासारखं उभं, कुणीतरी पडदा ओढेपर्यंत. लोक हसायचे नाहीत. जेवणाचं काय झालं, एवढंच विचारायचे. अहिल्या तर तालमीच्या वेळी बेसमेंटचं दार धाडकन लावून घ्यायची.

केदारने घसा साफ केला. मोरेश्वर किती दिलदार होता, मदतीला कसा धावायचा, असं काहीबाही बोलला. त्याने पेटीकडे पाहिलं. मग स्वतःला कळायच्या आत तो माइकमध्ये म्हणाला, "मास्तर, माझी सावली फार लांब झालीय हो. आखूड करून मिळेल?"

हॉलमध्ये चुळबुळ झाली. "काका, प्लीज, डोन्ट," अनिका कुजबुजली. ती मोरेश्वरची मुलगी, आईला खेटून बसलेली.

केदार थांबला. यापुढचं वाक्य मोरेश्वरचं होतं. ते आता येणार नाही, हे त्याला हॉस्पिटलमध्ये कळलं नव्हतं, फोनाफोनी करतानाही कळलं नव्हतं. ते इथे कळलं. सॉरी म्हणून खाली बसावं म्हणून तो वळला.

"सकाळची की संध्याकाळची?"

अहिल्या विचारत होती. मांडीवरच्या हातांकडे बघत, शिंप्याच्या त्याच कंटाळलेल्या आवाजात.

"संध्याकाळची," केदार कसाबसा म्हणाला.

"कधी हवीय?"

"आजच. अर्जंट आहे, वहिनी." स्किटमध्ये वहिनी नव्हती.

अहिल्या उठली. पदर सारखा केला. "आज नाही जमायचं. संध्याकाळच्या सावलीचं असं असतं की..."

आणि ती चालू लागली. अनिका तिच्या मागे धावली. गुरुजी गडबडीने ताम्हन उचलून निघाले. फ्युनरल होमच्या माणसांनी पेटी ढकलत आत नेली. भट्टीचं बटण आतल्या खोलीत होतं आणि ते घरच्यांनीच दाबायचं असतं. दार लागलं.

केदार माइकसमोर तसाच उभा होता. भिंतीपलीकडे घरघर सुरू झाली. लोक उठले, कोट चढवले, हळूहळू पार्किंगकडे गेले. तरी तो उभाच.

या हॉलला पडदा नव्हता.