सगळं एकदम

दोन हजार तीन सालची गोष्ट. प्राध्यापकांचे खालचे पुढचे दोन दात हलत होते आणि त्यांची बायको दातांची डॉक्टर होती. वर्षभर ती म्हणत होती, "हिरड्या साफ करून घ्या", आणि वर्षभर ते तिच्या खुर्चीला भीत होते. शेवटी पैज लागली. हिरडीतल्या जंतूंमुळे हाड झिजतं हे प्राध्यापकांच्या प्रयोगात दिसलं, तर त्यांनी खुर्चीत बसायचं; नाही दिसलं, तर बाईंनी हा विषय कायमचा सोडायचा.

एका दुपारी त्यांनी बाईंना दवाखान्यातून बोलावून घेतलं आणि आपल्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकापुढे बसवलं.

"बघ. कोवळ्या पेशी, त्यांना हाड खायला शिकवणारं द्रव्य, आणि तुझ्या लाडक्या जंतूंच्या सालीचे तुकडे. हाड खाणारी पेशी औषधालासुद्धा नाही!"

खरंच नव्हती.

"तुकडे कधी घातले?"

"कधी म्हणजे? पहिल्याच दिवशी, सगळं एकदम."

"तुमचा स्वयंपाकही असाच असतो. सगळं पातेल्यात, वर झाकण."

त्यांच्या विद्यार्थिनीने हसू खोकल्यात लपवलं. पण तिची नजर कोपऱ्यातल्या, पेशींच्या दुसऱ्या काचेच्या बशीकडे गेली. लोक काय लपवतात, ते दातांच्या डॉक्टरला लगेच कळतं.

"ती कसली गं?"

"मॅडम, तीत पेशींना आधी शिकू दिलं. तुकडे मग घातले."

बाईंनी ती बशी पाहिली. हाड खाणाऱ्या धटिंगण पेशी एकमेकींना खेटून बसल्या होत्या.

"कोवळ्या पेशीला सुरुवातीलाच जंतू दिसला तर ती लढायला धावते," विद्यार्थिनी सरांकडे न बघता म्हणाली. "हाड खायचं शिकतच नाही. अर्धवट शिकल्यावर दिसला, तर मात्र चेकाळते."

"आणि आमच्या ह्यांच्या हिरडीत वर्षभर शिकवणी चालू आहे," बाई म्हणाल्या. "उठा."

"पण माझा निकाल खोटा नाही!"

"कोण म्हणतं खोटा? दोन्ही छापा. आधी आ करा."

दोन्ही निकाल छापून आले. विद्यार्थिनी आज स्वतःच्या प्रयोगशाळेत मुलांवर ओरडते, "सगळं एकदम टाकू नका रे!" दोनांतला एक दात वाचला. बाईंनी पुढे दवाखाना बंद केला आणि ती खुर्ची घरी आणली. प्राध्यापक तीत बसून वर्तमानपत्र वाचतात. त्यांना आता ऐकू येत नाही. पण बाईंनी समोर बसून साधी जांभई दिली, तरी ते मुकाट्याने तोंड उघडतात.