नारळाचा मान

कॉलेजच्या बँडची गिटार आधी संगमेशच्या गळ्यात असायची. गारगोटी गावचा प्रसेनजीत आला आणि ती त्याच्या गळ्यात गेली. संगमेशकडं उरला तो कार्यक्रमाआधी स्टेजवर नारळ फोडायचा मान. सत्त्याण्णवच्या गॅदरिंगला कोल्हापुरातलं अख्खं कॉलेज प्रसेनजीतचं नाव घेऊन ओरडत होतं आणि संगमेशच्या पोटात दुखत होतं. त्यानं नारळ फोडला आणि पाणी शिंपडायच्या निमित्तानं प्रसेनजीतच्या पायाजवळच्या, गिटारचा आवाज बदलणाऱ्या पेडलवर ओतलं. "आता वाजीव की," तो पुटपुटला. प्रसेनजीतनं पहिली तार छेडली. पेडल खरखरलं आणि स्पीकरमधून असा पिसाळलेला आवाज फुटला की पोरं खुर्च्यांवर चढली. कार्यक्रम संपल्यासंपल्या प्रसेनजीतनं संगमेशला मिठी मारली आणि त्याच नारळाचं खोबरं त्याच्या तोंडात कोंबलं. "अण्णा, असली सुरुवात कुणाची झाली न्हाय! हितनं पुढं पाणी तिथंच वतायचं." खोबरं गोड होतं. संगमेशला ते काही गिळवेना.