नक्की भेटू

कादंबरीचं शेवटचं, एकोणिसावं प्रकरण त्या रविवारी संध्याकाळी पाचच्या आत पाठवायचं होतं, नाहीतर प्रकाशक पुस्तक पुढच्या वर्षावर ढकलणार होता. माणिकराव नायकाला गावाच्या वेशीपर्यंत घेऊन आले होते. तेवढ्यात फाटकाशी मोटारसायकल थांबली आणि एका अनोळखी माणसाने आवाज दिला, "सर, आलो."

माणिकरावांनी पडदा जरासा सरकवला. अंगणात बेबीताईंनी गोवऱ्या पेटवल्या होत्या. शेजारी निखाऱ्यात भाजायच्या रोडग्यांची कणीक भिजवलेली परात. नवरा-बायको दोघंच राहतात त्या घरात ती परात जरा मोठी वाटत होती.

पाठोपाठ नांदुऱ्याहून तिघे आले. मग संग्रामपूरचे एक निवृत्त तलाठी, पुंजाजी. प्रत्येकाच्या खांद्याला पिशवी.

माणिकरावांनी बायकोला आत बोलावलं.

"हे कोन आहेत?"

"तुमचे दोस्त. फेसबुकवरचे."

आठवड्यापूर्वी बेबीताईंनी त्यांचा फोन स्वतःकडे घेतला होता. सकाळी लोकांना वाढदिवसाच्या शुभेच्छा, दुपारी लोकांच्या कवितांवर 'व्वा', संध्याकाळी आपल्याला कोणी 'व्वा' म्हटलं का ते पाहणं, या धबडग्यात एकोणिसावं प्रकरण दोन वर्षं जागचं हललं नव्हतं. तुम्ही लिहा, लोकायचं मी पाहीन, असं त्या म्हणाल्या होत्या. त्यांनी पाहिलेलं दिसत होतं.

"तू लिहिलं तरी काय यायले?"

"ते लिहीत, सर, एकदा भेटायचं आहे. मी लिहिलं, रविवारी या, रोडगे आहेत. पत्ता टाकला."

"अवं, तसं म्हणाची रीत असते. त्याच्यावर 'नक्की भेटू' लिहून द्यायचं असते. बस."

"मंग भेटा ना."

"पाच हजार मित्र आहेत माह्ये, बेबी."

"म्हणून तीस जनायचेच वांगे आणले. मले आपल्या लोकायचा अंदाज आहे."

माणिकरावांची नजर मात्र पिशव्यांवर होती. तीस वर्षांच्या अनुभवाने त्यांना बाहेरूनच कळलं, आत कवितासंग्रह आहेत, आणि ते भेट देण्यासाठी आणलेले नाहीत. वाचून दाखवण्यासाठी आणलेले आहेत.

"हे मले आयकवतीन आता. पाच वाजेपर्यंत आयकवतीन."

"कडी लावा अन् लिहा," बेबीताई म्हणाल्या आणि बाहेर गेल्या.

कडी लागली. आवाज येत राहिले.

"सर कुठी आहेत, ताई?" मोटारसायकलवाल्या हरिओमने विचारलं.

"लिहून राह्यले. काम झाल्याबिगर दार उघडत नाहीत. तुम्ही लसूण सोला."

"मी सरायसाठी दोन कविता आणल्या होत्या."

"मंग वाचा ना. फक्त हात चालू ठेवा."

हरिओमने लसूण सोलता सोलता कविता वाचली. पुंजाजींनी हातातल्या चिमट्याने रोडगा उलटवत दाद दिली. "व्वा. नवी दिसते."

"नवी? मागच्या दिवाळीत टाकली होती. तुम्ही खाली 'काळजाला भिडली' लिहिलं होतं."

पुंजाजींनी चिमटा खाली ठेवला. "खरं सांगू का, हरिओमभाऊ? आज पहिल्यांदा आयकून राह्यलो. चांगली आहे बे."

यावर हसणं झालं आणि मग कविता काही थांबेनात. दुपारी खिडकीतून माणिकरावांना ताट मिळालं. रोडगा तुपात बुडवून खाताना त्यांनी नायकाला वेस ओलांडू दिली. इतकी चांगली पानं त्यांच्या हातून बऱ्याच दिवसांत उतरली नव्हती.

साडेचारला ते कागद घेऊन स्वयंपाकघराच्या दाराने बाहेर पडले. बेबीताई चुलीशी चहा टाकत होत्या. त्यांनी एकेका पानाचा फोटो काढला, स्वतःच पाठवला, आणि फोन परत कमरेला खोचला.

"पाहू दे ना, पोचलं का."

"पोचलं. वाचलं बी त्यायनं. अंगठा दाखवला. जा, बसा तिकडं."

अंगणात सतरंजीवर सतरा-अठरा जण दाटीवाटीने बसले होते. दोनच्या एस.टी.ने जळगाव जामोदहून आलेल्या पुष्पांजली मॅडम मधोमध वही उघडून होत्या. तीन वर्षं रोज सकाळी त्या माणिकरावांना 'सुप्रभात सर' लिहीत आणि माणिकराव त्यांना फूल पाठवत. फेसबुकवरचा त्यांचा फोटो मात्र वीस वर्षांपूर्वीचा, काळ्याभोर केसांचा होता. पावलं ऐकून त्यांनी मान वर केली आणि थोडं सरकून जागा करून दिली.

"बसा काका. तुमचा नंबर माह्यानंतर. फक्त आवाज हळू ठेवजा, आतमंधी सर लिहून राह्यले."

माणिकरावांनी बंद खोलीकडे आदराने पाहिलं, आणि चपला न वाजवता बसले.